क्रियापदाचा सोबती क्रियापदाबरोबरच शिकवावा

मा. संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पानावर गेले काही महिने इंग्रजीतील नेहमीच्या चुकांचे सदर प्रसिद्ध होत आहे. ते मी नियमाने वाचतो आणि त्याची कात्रणेही जपून ठेवतो. मागील दोन भागांत क्रियापदांनंतर येणाऱ्या 'प्रीपोझिशन'च्या चुका घेतल्या होत्या. डाव्या बाजूला चुकीचे वाक्य, उजव्या बाजूला बरोबर वाक्य, अशी ती मांडणी होती. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लावू नका, 'रीच'नंतर 'टू' लावू नका, 'मॅरी'नंतर 'विथ' लावू नका. मात्र 'लिसन'नंतरचा 'टू' आणि 'वेट'नंतरचा 'फॉर' विसरू नका. सदर उपयुक्त आहे आणि लेखकाने त्यासाठी कष्ट घेतले आहेत, हे मी मनापासून मान्य करतो. तरीही दोन्ही भाग वाचून झाल्यावर एक गोष्ट मनाला लागून राहिली. या चुका होतात तरी का, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. केवळ 'लावा' आणि 'लावू नका' अशी यादी पाठ करणारा मुलगा परीक्षेत नेमका अडतो, कारण यादीतील कोणते क्रियापद कोणत्या रांगेतले होते हे त्याला आठवत नाही, आणि आठवण्यासाठी धरायला कोणतेही कारण त्याच्या हाती दिलेले नसते. या चुकांचे मूळ आपल्या मराठीच्या घडणीत आहे आणि त्यांवरचा उपायही मराठीतूनच निघतो, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. ते थोडे विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

मी शिक्षक नाही. तहसील कचेरीसमोर माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे, आणि बत्तीस वर्षांपासून मी लोकांचे अर्ज लिहून व टाइप करून देतो. आमच्याकडे अशा माणसाला अजूनही अर्जनवीस म्हणतात. बहुतेक अर्ज मराठीतच असतात, पण आठवड्याला दहा-बारा तरी इंग्रजीत करावे लागतात. विमा कंपनीच्या मुख्य कार्यालयाला, परराज्यातील कारखान्याला, बँकेच्या वरिष्ठ कार्यालयाला, आणि अलीकडे मुलामुलींच्या नोकरीसाठी. पूर्वी लोक तोंडी सांगत आणि मी लिहीत असे. आता घरातील शिकलेला मुलगा किंवा मुलगी इंग्रजी मजकूर वहीच्या पानावर लिहून आणते आणि मी तो तपासून टाइप करतो. त्यामुळे आमच्या भागातील मुलांचे इंग्रजी रोज माझ्या नजरेखालून जाते. शब्दसंग्रह पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढला आहे, काळही बऱ्यापैकी जमतात. पण क्रियापद आणि त्याच्यामागून येणारे ते दोन-तीन अक्षरांचे 'ऑन', 'टू', 'फॉर', 'ऑफ' जवळपास प्रत्येक पानावर चुकलेले असते.

याकडे मी गंभीरपणे पाहू लागलो ते एका प्रसंगामुळे. सुमारे नऊ वर्षांपूर्वी एक बाई दुकानात आल्या. त्यांचा मुलगा कामासाठी हैदराबादला गेला होता आणि तीन आठवड्यांपासून त्याचा फोन बंद होता. इथल्या ठाण्यात तक्रार देऊन झाली होती. आता तिकडच्या पोलिसांना इंग्रजीत पत्र पाठवायचे होते. शेजारच्या बारावीतील मुलाने मजकूर लिहून दिला होता आणि तो खरोखर मन लावून लिहिलेला होता. शेवटचे वाक्य मात्र 'प्लीज सर्च माय सन' असे होते. त्या मुलाच्या मनात 'माझ्या मुलाला शोधा' हेच होते आणि 'शोधणे म्हणजे सर्च' हे शाळेत शिकवल्याप्रमाणे त्याने लिहिले होते. परंतु इंग्रजीत माणसाला 'सर्च' करणे म्हणजे त्याची झडती घेणे. शोध घ्यायचा तर 'सर्च फॉर' असे म्हणावे लागते. आपला मुलगा सापडावा म्हणून आलेली आई पोलिसांना त्याचे खिसे तपासायला सांगत होती, आणि ते तिलाही माहीत नव्हते व लिहिणाऱ्यालाही नाही. मी तिथे 'फॉर' घातला. मुलगा दीड महिन्याने स्वतःहून घरी आला. त्याच्या परतण्याशी माझ्या दुरुस्तीचा काही संबंध नव्हता, पण त्या दिवशी मी एक कोरी वही काढली आणि अर्जांत जे क्रियापद अडेल ते तिच्यात टिपून ठेवू लागलो.

त्या वहीत दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्यावर लक्षात आले की, या चुकांमध्ये शिस्त आहे. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या शाळांची मुले नेमकी तीच चूक करतात, आणि त्या चुकीच्या मागे मराठी वाक्य जसेच्या तसे उभे असते.

यातील सर्वांत मोठा गट असा आहे. मराठीत आपण अनेक क्रिया एका शब्दात सांगत नाही. एक नाम घेतो आणि त्याला 'करणे', 'देणे', 'घेणे', 'होणे' जोडतो. चर्चा करणे, मागणी करणे, हल्ला करणे, भर देणे, संपर्क साधणे, प्रवेश करणे, परिणाम होणे. क्रियापदाच्या पोटात नाम असल्यामुळे त्या नामाला साजेसा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला लागते. पाण्याच्या प्रश्नावर चर्चा केली, भरपाईची मागणी केली, रानडुकराने त्याच्यावर हल्ला केला, सरपंचांनी स्वच्छतेवर भर दिला, अधिकाऱ्यांशी संपर्क साधला, अवकाळी पावसाचा तुरीवर परिणाम झाला. आता गंमत नव्हे, तर अतिशय महत्त्वाची गोष्ट अशी की, इंग्रजीतील नामेही नेमकी अशीच वागतात. 'डिस्कशन ऑन', 'डिमांड फॉर', 'अटॅक ऑन', 'एम्फसिस ऑन', 'कॉन्टॅक्ट विथ', 'एंट्री इंटू', 'इफेक्ट ऑन' ही सगळी रूपे बरोबर आहेत. पण त्याच अर्थाची इंग्रजी क्रियापदे आपल्या कर्माला थेट धरतात, मध्ये कोणी लागत नाही. प्रश्न 'डिस्कस' करायचा, भरपाई 'डिमांड' करायची, रानडुकराने माणसाला 'अटॅक' करायचे, अधिकाऱ्याला 'कॉन्टॅक्ट' करायचे, कार्यालय 'एंटर' करायचे, पावसाने पीक 'अफेक्ट' करायचे. आपली मुले 'डिस्कस अबाउट', 'अटॅक्ड ऑन', 'कॉन्टॅक्टेड विथ' असे लिहितात ती अज्ञानाने नव्हे. मराठीतील 'चर्चा करणे'मधील 'चर्चा' हे नाम त्यांच्या मनात जागे असते, त्या नामाचे अव्यय ती प्रामाणिकपणे सोबत नेतात आणि इंग्रजीत ते नामाऐवजी क्रियापदाच्या मागे लावतात. विद्यार्थ्याला एवढे एकदा फळ्यावर समजावून सांगितले, तर पंधरा-वीस क्रियापदे एका तासात सुटतात. हा नियम सगळीकडे लागत नाही, हेही त्याच तासाला सांगावे. 'डिपेंड', 'इन्सिस्ट', 'ऑब्जेक्ट', 'रिप्लाय' ही क्रियापदे नामाप्रमाणेच आपला सोबती घेऊन येतात. 'आन्सर' आणि 'रिप्लाय' या दोन सख्ख्या अर्थांच्या शब्दांत पहिला पत्राला थेट धरतो आणि दुसऱ्याला 'टू' लागतो, हे लक्षात राहण्यासाठी दोन्ही शेजारी लिहून दाखवावे लागतात.

दुसरा मोठा गट आपल्या 'ला' या प्रत्ययाचा आहे. शाळेतील विभक्तीचा तक्ता ज्यांना आठवत असेल त्यांना हेही आठवेल की, द्वितीया आणि चतुर्थी या दोन विभक्तींचे प्रत्यय एकसारखेच आहेत. 'स, ला, ते' म्हणून आपण ते दोनदा पाठ केले. याचा परिणाम असा होतो की, नाम प्रत्यक्ष कर्म आहे की ज्याला काही दिले वा सांगितले जाते ती व्यक्ती आहे, हा फरक मराठीत प्रत्ययावरून दिसत नाही. इंग्रजीत मात्र तो अनेकदा 'टू' असण्या-नसण्यावरून दाखवावा लागतो. मास्तरांनी मला सांगितले, मास्तर मला म्हणाले, मास्तरांनी मला विचारले, मला समजावून दिले, मला फोन केला. पाचही वाक्यांत 'मला' तोच आहे; वऱ्हाडीत तो 'मले' होतो, पण पाचही ठिकाणी 'मले'च राहतो. इंग्रजीत 'टेल', 'आस्क' आणि 'फोन' यांना 'टू' चालत नाही. 'से' आणि 'एक्स्प्लेन' यांना तो हवाच. म्हणून आमची मुले एकीकडे 'टोल्ड टू मी' लिहितात आणि दुसरीकडे 'एक्स्प्लेन मी'. या दोन उलट दिशांच्या चुका एकाच मुलाच्या वहीत पाहून शिक्षक वैतागतात, परंतु दोन्हींचा उगम त्या एका 'ला'मध्ये आहे.

'वर'चे तर विचारूच नये. आपण माणसावर प्रेम करतो, त्याच्यावर रागावतो, त्याच्यावर विश्वास ठेवतो, त्याच्यावर चोरीचा आरोप करतो, संकटावर मात करतो आणि पावसावर अवलंबून राहतो. इंग्रजीत यांतील प्रत्येकाची वाट निराळी. 'लव्ह'ला काहीच लागत नाही, 'अँग्री'ला 'विथ' लागतो, 'बिलीव्ह'ला बहुधा 'इन', 'अक्यूज'मध्ये माणूस थेट येतो आणि चोरीला 'ऑफ' लागतो, 'ओव्हरकम'ला पुन्हा काहीच नाही, आणि 'डिपेंड'ला 'ऑन'. या शेवटच्या एका ठिकाणी मराठी व इंग्रजी योगायोगाने जुळतात, आणि हाच योगायोग मुलांना फसवतो. एकदा 'वर'चे 'ऑन' बरोबर आले की पुढच्या पाचही ठिकाणी ती 'ऑन' लावत जातात.

'मॅरी विथ' या चुकीबद्दलही थोडे सांगावेसे वाटते, कारण ती आमच्याकडे अधिक आढळते. प्रमाण मराठीत 'तिच्याशी लग्न केले' असे म्हणतात, पण आमच्या बोलीत 'शी' कमी आणि 'संग' किंवा 'सोबत' जास्त. 'तिच्यासंग लगन केलं' असेच कानावर पडते. त्यामुळे 'विथ'ची ओढ आमच्या मुलांना दुपटीने असते. आजच्या इंग्रजीत माणूस दुसऱ्या माणसाला थेट 'मॅरी' करतो आणि लग्नानंतर तिला 'मॅरीड टू' असतो. 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' असे लिहिले तर ते चूक नाही, पण त्याचा अर्थ लग्न झालेले असून दोन मुले आहेत, असा होतो. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'मॅरीड विथ' लिहिलेले सापडते, हे मुलांना जरूर सांगावे. इंग्रजांनाही ही वळणे जन्मतः मिळालेली नाहीत, वापरता वापरता ती पडली आहेत, हे कळले की मनावरचे दडपण कमी होते. एके काळी इंग्रजीतही आपल्यासारख्या विभक्ती होत्या. त्या झिजून गेल्या आणि त्यांचे बरेचसे काम या छोट्या शब्दांच्या अंगावर पडले. आपण ज्यांना प्रीपोझिशन म्हणून घाबरतो, ते एका अर्थाने इंग्रजीचे विभक्ती-प्रत्ययच आहेत. फक्त ते नामाच्या मागे न चिकटता पुढे सुटे उभे राहतात.

कोणत्या क्रियेला कोणती विभक्ती, हे प्रत्येक भाषा आपापल्या नजरेने ठरवते. भीतीचेच उदाहरण घ्यावे. मराठीत मुलगा कुत्र्याला भितो. हिंदीत तो 'कुत्ते से' डरतो, म्हणजे भीती कुत्र्याकडून येते. संस्कृतातही ज्याची भीती वाटते त्याची पंचमी होते आणि पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. इंग्रजीत 'अफ्रेड'नंतर 'ऑफ' येतो. आमच्या भागातील मुलाच्या कानावर मराठी आणि हिंदी दोन्ही सारख्याच पडतात, म्हणून तो कधी 'अफ्रेड टू डॉग' लिहितो आणि कधी 'अफ्रेड फ्रॉम डॉग'. पहिल्यात त्याची मराठी बोलते आणि दुसऱ्यात हिंदी. हिंदी ही मराठीची इतकी जवळची भाषा, तरी 'त्याला विचार' हे 'उससे पूछो' होते आणि नागपूरकडे आपण सर्रास 'उसको पूछो' म्हणतो. सख्ख्या भाषेत एवढा फरक, तर सात समुद्रांपलीकडच्या भाषेशी आपली अव्यये जुळावीत अशी अपेक्षाच चुकीची आहे.

आणि आपल्या भाषेतही हा प्रकार सोपा नाही. काही वर्षांपूर्वी केरळातून बदलून आलेले एक बँक अधिकारी माझ्याकडे टायपिंगच्या निमित्ताने येत आणि आवर्जून मराठी बोलत. एकदा कर्जदाराच्या वागण्याने ते संतापले होते आणि मला म्हणाले, 'आज माझा खूप राग येतो.' त्यांना 'मला' म्हणायचे होते. एका प्रत्ययाने राग करणारा आणि रागाचा धनी यांची अदलाबदल झाली. मी त्यांना हसलो नाही, समजावून सांगितले, आणि त्यांनी ते खिशातल्या वहीत लिहून घेतले. म्हणून आपल्या सदरातील एका भागाला 'हास्यास्पद चुका' असा मथळा दिलेला पाहून मला वाईट वाटले. शेतातून आल्यावर दिव्याखाली बसून इंग्रजी अर्ज लिहिणाऱ्या मुलीची चूक हास्यास्पद नसते. तो शब्द पुढील भागांतून काढून टाकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

'अर्थ कळला म्हणजे झाले, एवढे काटेकोर कशाला?' असे काही जण म्हणतात. ओळखीच्या माणसांत ते खरेही आहे. भारतात आणि भारताबाहेरही असंख्य लोक 'डिस्कस अबाउट' म्हणतात व त्यांचे काम अडत नाही. परंतु काही क्रियापदांत सोबती बदलला की अर्थच उलटतो, आणि तिथे कळून घेण्याची जबाबदारी समोरच्यावर टाकता येत नाही. 'रिझल्ट इन' म्हणजे एखाद्या गोष्टीत परिणती होणे आणि 'रिझल्ट फ्रॉम' म्हणजे एखाद्या गोष्टीतून उद्भवणे. कारण आणि कार्य यांची जागाच बदलते. आमच्याकडील एका दुकानदाराच्या विम्याच्या दाव्यात आग 'रिझल्टेड इन शॉर्ट सर्किट' असे लिहिले गेले होते, म्हणजे आगीमुळे शॉर्ट सर्किट झाले. त्यांना सांगायचे होते ते बरोबर उलटे. खुलासा मागणारे पत्र आले, उत्तर गेले, आणि मधले जवळपास तीन आठवडे गेले. विम्यातच 'इन्शुअर' या क्रियापदाचे दोन सोबती आहेत. ज्या धोक्यापासून संरक्षण हवे त्याला 'अगेन्स्ट' आणि जेवढ्या रकमेचा विमा तिला 'फॉर'. गारपिटीला 'अगेन्स्ट', रुपयांना 'फॉर'. बियाणे बदलून दिल्याच्या तक्रारीत 'सब्स्टिट्यूट' येतो, आणि तिथे 'फॉर'नंतर जे लिहिले जाते ते मूळ बियाणे असते, बदली दिलेले नव्हे; हा क्रम उलटला की तक्रार विक्रेत्याच्या बाजूने वाचली जाते. सभेला हजर राहणे म्हणजे सभा 'अटेंड' करणे, पण तक्रारीत लक्ष घालणे म्हणजे तक्रारीला 'अटेंड टू' करणे. प्रस्ताव 'अप्रूव्ह' केला म्हणजे मंजूर केला. 'अप्रूव्ह ऑफ' म्हटले की तो पसंत पडला एवढेच. कार्यालय 'एंटर' करायचे, करार मात्र 'एंटर इंटू' करायचा.

परीक्षांबद्दल थोडक्यात. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे होते. अशा प्रश्नपत्रिकांत गाळलेल्या जागेत योग्य प्रीपोझिशन भरण्याचे प्रश्न नेहमी येतात. आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत रात्री दहापर्यंत बसणारी मुले गणित आणि सामान्य ज्ञान यांत शहरातील मुलांना मागे टाकतात. ती मार खातात ती या दोन-दोन अक्षरांत. मोबाइल आता वाक्याचे भाषांतर बऱ्यापैकी करून देतो, पण तो परीक्षेच्या खोलीत नेता येत नाही आणि मुलाखतीच्या टेबलावरही ठेवता येत नाही.

मग करावे काय? आपल्याकडे याचे उत्तर फार जुने आहे. आठवीत संस्कृत घेतलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे. 'नमः' आला की चतुर्थी, 'सह' आला की तृतीया, 'क्रुध्' धातूला चतुर्थी, 'स्निह्'ला सप्तमी, हे तो आजही सांगेल. संस्कृतचे शिक्षक धातू कधी एकटा शिकवत नाहीत. त्याची विभक्ती त्याच्याबरोबरच शिकवतात. तेच शिक्षक किंवा त्यांचेच सहकारी इंग्रजीच्या तासाला मात्र 'वेट म्हणजे वाट पाहणे' एवढेच सांगून पुढे जातात. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. माझ्या पिढीला ते पाचवीत भेटले. मधल्या काळात वर्षे वाढली, शब्दांच्या याद्याही वाढल्या, पण मुलांच्या वह्यांत अजूनही एका बाजूला एकटे क्रियापद आणि दुसऱ्या बाजूला त्याचा एका शब्दाचा मराठी अर्थ असतो.

माझ्या वहीत मी वेगळी रीत वापरली आणि ती मुलांना लागू पडली, म्हणून ती इथे सांगतो. मराठी अर्थ असा निवडावा की, त्यातूनच इंग्रजीचा सोबती निघेल. 'वेट'चा अर्थ 'वाट पाहणे' असा दिला की 'बसची वाट पाहिली'मधील 'ची' मुलाला कुठेच नेत नाही. तोच अर्थ 'थांबणे' असा दिला तर 'बससाठी थांबलो' हे वाक्य तयार होते, आणि 'साठी' म्हटले की 'फॉर' आपोआप येतो. 'लिसन' म्हणजे 'ऐकणे' न म्हणता 'कान देणे' म्हणावे. कान कोणाकडे तरी द्यावा लागतो, तो 'कडे' म्हणजेच 'टू'. 'लुक' म्हणजे 'कडे पाहणे', आणि 'सी' म्हणजे नुसते 'पाहणे'. म्हणून पहिल्याला 'ॲट' लागतो, दुसऱ्याला काही नाही. याच्या उलट, ज्या इंग्रजी क्रियापदांना सोबती चालत नाही त्यांच्यासाठी मराठीतील जुनी, एका शब्दाची क्रियापदे शोधावीत. ती आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि आपण ती विसरत चाललो आहोत. 'रीच'ला 'गावाला पोहोचणे' म्हणू नये, 'गाव गाठणे' म्हणावे. 'गाव गाठले' यात 'टू'ला शिरायला जागाच राहत नाही. 'ऑर्डर'ला 'चहाची ऑर्डर देणे' म्हणू नये, 'चहा मागवणे' म्हणावे. मग 'ऑर्डर्ड फॉर टी' होत नाही. 'मॅरी' म्हणजे वरणे, 'रिक्वेस्ट' म्हणजे विनवणे, 'क्रॉस' म्हणजे ओलांडणे. एका मुलीने 'गाठणे' ऐकल्यावर विचारले, 'काका, मंग हे आम्हाले शाळेत काहून नाही सांगत?' तिला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते शिक्षण खात्याने द्यावे.

प्रत्येक क्रियापदासाठी असा मराठी जोड सापडत नाही, हे मी लपवत नाही. 'प्रिफर'नंतर 'टू' का, हे मराठीतून समजावता येत नाही. 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर' या लॅटिनमधून आलेल्या शब्दांनाही 'दॅन' न लागता 'टू'च लागतो, असे सांगून ते त्या मालिकेत बसवावे लागते. 'लुक फॉरवर्ड टू'मधील 'टू' हाही असाच. त्याच्यामागे 'हिअर' नव्हे तर 'हिअरिंग' येतो, आणि नोकरीच्या दहांतील सात अर्जांच्या शेवटच्या ओळीत ही एक चूक असतेच. जिथे कारण सापडत नाही तिथे पाठांतर करावेच लागेल. पण मग क्रियापद, त्याचा सोबती आणि आपल्या रोजच्या व्यवहारातले एक पूर्ण वाक्य असे तिन्ही मिळून एक शब्द समजून पाठ करावे. वाक्य लंडनच्या धुक्याचे नको. कापसाच्या काट्याचे, पीक कर्जाचे, एसटीच्या पासचे असावे.

आपल्या सदराच्या लेखकांना यासाठी जागा कमी पडत असेल, तर एका भागात वीस चुकांऐवजी चारच क्रियापदे घ्यावीत, पण कारणासह घ्यावीत. जिथे ब्रिटिश आणि अमेरिकी रीत वेगळी आहे, तिथे दोन्ही बरोबर आहेत असे स्पष्ट लिहावे. फॉर्म एकीकडे 'फिल इन' करतात आणि दुसरीकडे 'फिल आउट'. एकीकडे 'राइट टू मी' म्हणतात, दुसरीकडे 'राइट मी' पुरते. आपल्या ६ क्रमांकाच्या भागात 'फिल आउट' चूक म्हणून दाखवले होते आणि ते वाचून दोन मुलांनी सरकारी संकेतस्थळावरील मजकूरच चुकला आहे, असे माझ्याशी वाद घालून सांगितले. ती दुरुस्ती छापली जावी. शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे की, फळ्यावर क्रियापद लिहिताना त्याच्या शेजारची जागा मोकळी सोडू नये. सोबती असेल तर तो लिहावा, नसेल तर तिथे ठळक आडवी रेघ मारावी, म्हणजे 'इथे काही लागत नाही' हेही मुलाच्या डोळ्यांना दिसेल.

माझ्या वहीत आता साडेसहाशेच्या वर क्रियापदे झाली आहेत. प्रत्येकापुढे सोबती, मराठी अर्थ, ज्या अर्जात ते अडले त्यातील नावगाव वगळून घेतलेले वाक्य आणि दुरुस्ती, असे चार रकाने आहेत. काही नोंदी चुकल्याही असतील. जाणकारांनी त्या तपासल्या तर मला आनंदच होईल. पहिल्या दोनशे पानांच्या झेरॉक्स प्रती या पत्रासोबत टपालाने पाठवत आहे. सदराच्या लेखकांना त्यांतील जे उपयोगी वाटेल ते त्यांनी नि:संकोच वापरावे, माझे नाव देण्याची आवश्यकता नाही. मूळ वही मात्र पाठवता येत नाही. संध्याकाळी अभ्यासिकेकडे जाताना मुले ती मागून नेतात आणि सकाळी दुकान उघडायच्या वेळी आणून देतात.

आपला विश्वासू,
एक अर्जनवीस
दारव्हा, जि. यवतमाळ